आले वजा, सुंठ जमा



गेल्या अंकात आपण मुदतठेवींवरील वारसनोंदीचा विचार केला होता. त्या विषयातील राहिलेले मुद्दे पुढील अंकी घेईन. या वेळी विषय वेगळा आहे : घरी केलेला मसाल्याचा चहा. ज्याची छत्तीस वर्षे बँकेत गेली, त्याने चहाच्या पातेल्यावर लेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु गेल्या वर्षी आमच्या घरात जे घडले त्याचे मूळ याच पातेल्यात होते, आणि तसेच काहीसे आपल्यापैकी अनेकांच्या घरी घडत असावे असा माझा अंदाज आहे. म्हणून हा प्रपंच.

आमच्या घरात आम्ही पाच जण. माझ्या मातोश्री, ज्यांना सारे घर बाई म्हणते, वयाची पंच्याऐंशी वर्षे ओलांडून गेल्या आहेत. कंदमूळत्यागाचा आणि चौविहाराचा नियम त्यांनी तरुणपणीच घेतला आणि आजवर निष्ठेने पाळला. आम्हा बाकीच्यांचा नियम चातुर्मासापुरता. तथापि सकाळचा चहा मात्र सर्वांसाठी एकाच पातेल्यात होई. सौभाग्यवती तो सुंठ घालून करीत असत. त्याबद्दल कधी चर्चा झाली नाही, कारण चर्चेची गरजच पडली नाही.

गेल्या वर्षी सौभाग्यवतींच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि स्वयंपाकघराचा कारभार सूनबाईंकडे आला. मुलगी गुणी आणि उत्साही. तिच्या माहेरी चहात आले किसून घालतात, तसे ती येथेही घालू लागली. चहा फक्कड होत असे. मी स्वतः दोनदा मागून घेत असे. पंधरा दिवसांतच बाई म्हणाल्या, "मला आता चहा सोसत नाही. पित्त होते." वयाचा विचार करता आम्हाला ते पटले. त्यांच्यासाठी गरम दुधाचा पेला खोलीत जाऊ लागला.

चहा थांबला तेव्हा त्याबरोबर आणखी काय थांबले, हे माझ्या ध्यानात यायला तीन महिने लागले. नवकारसी आली की बाई बाहेरच्या खोलीत येऊन बसत, कप बशीत ओतून सावकाश पीत, आणि त्या वीस मिनिटांत घराण्याचा सारा इतिहास उलगडत असे. वडिलांनी पहिली पेढी कोणत्या गल्लीत घातली, दुष्काळाच्या वर्षी उधारी कशी वसूल झाली आणि कोणाची सोडून दिली, कोणत्या आत्याच्या लग्नात वऱ्हाड चुकून दुसऱ्याच गावी उतरले. चिरंजीव दुकानात निघण्यापूर्वी हे ऐकत असे. आता त्या खोलीतच माळ घेऊन बसू लागल्या होत्या. ट्रेमध्ये पाचाऐवजी चार कप असत, आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या खात्यांतील एका रुपयाचा फरक शोधणाऱ्या मला स्वतःच्या घरातील एका कपाचा फरक दिसला नव्हता.

उलगडा झाला तो एका नातेवाइकांच्या घरी. तेथे चहा आला तेव्हा बाईंनी यजमानीणबाईंना हळूच विचारले, "सुंठीचा आहे ना?" होकार मिळताच त्यांनी पूर्ण कप घेतला आणि वर आणखी अर्धा. मी पाहतच राहिलो. परतताना रिक्षात विचारले, "बाई, पित्ताचे काय झाले?" त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "नियम माझा आहे, तिचा नाही. ती पोर एवढ्या आवडीने आले घालते. तिला कशाला खट्टू करायचे?"

घरी आल्यावर मी सूनबाईंना ही हकिगत सांगितली. तिचे डोळे भरून आले. ती एवढेच म्हणाली, "बाबा, मला कोणी सांगितलेच नाही." आणि हे खरे होते. बाईंनी तिचे मन जपले, आम्ही बाईंकडे लक्ष दिले नाही, आणि दोषी मात्र ठरू पाहत होती ती, जिला काहीच ठाऊक नव्हते. तेव्हा मी जाहीर केले की, निवृत्तीनंतर मला चहा करायला शिकायचे आहे, बाई मला शिकवतील आणि सूनबाई देखरेख करतील. पुढील रविवारी खलबत्ता बाहेर निघाला. त्या दिवसापासून जे शिकलो, ते आज आपल्यापुढे मांडतो.

प्रथम आले आणि सुंठ यांच्याविषयी. आले हे जमिनीखाली वाढणारे, म्हणून आपल्याकडे ते अनंतकायात गणले जाते व त्याज्य मानले जाते. तेच आले वाळून सुंठ झाले की, हळदीप्रमाणेच, परंपरेने ते ग्राह्य धरतात. चिरंजीवाने येथे तत्काळ शंका काढली : "मग बटाटा वाळवून का चालत नाही?" बाईंचे उत्तर असे : "सुंठ कोणी पोटभर खात नाही. बटाटा वाळवला तरी ताटभर खाशील." सुंठ ही औषधासारखी, चिमटीने घेण्याची वस्तू आहे, तिच्याविषयी आसक्ती सहसा निर्माण होत नाही. आपल्या गुरुभगवंतांकडूनही याच आशयाचे स्पष्टीकरण अनेकांनी ऐकले असेल. ज्यांनी सुंठही सोडली असेल त्यांनी खाली दिलेल्या मसाल्यात तेवढे वजन मिऱ्यांचे व वेलचीचे विभागून घ्यावे. चहा निराळा होतो, पण उणा होत नाही.

सुंठ म्हणजे आल्याची तडजोड, असा एक गैरसमज आहे. तो दूर करणे आवश्यक आहे. ओल्या आल्याचा तिखटपणा प्रामुख्याने जिंजेरॉल या द्रव्यामुळे असतो. आले वाळताना त्यातील काही भागाचे रूपांतर शोगॉल या द्रव्यात होते, आणि ते जिंजेरॉलपेक्षा अधिक तिखट आहे. म्हणून आल्याचा झणका जिभेवर जाणवतो, तर सुंठीची ऊब घशाखाली उतरल्यावर जाणवते आणि थोडा वेळ टिकते. दुसरे असे की, ओल्या आल्यात प्रथिनांचे विघटन करणारे एक विकर असते. ते पुरेसे उकळण्यापूर्वी दूध घातले तर दूध फाटण्याचा संभव असतो. नवशिक्याच्या हातून आल्याचा चहा नासतो त्याचे कारण बहुधा हेच. नीट वाळलेल्या सुंठीत ही धास्ती फारशी राहत नाही. माझ्यासारख्या नवशिक्या वृद्धास हा लाभ मोठा होता.

आणखी एक गोष्ट आपण विसरलो आहोत. मसाला हा चहाच्या आधीपासून आपल्या घरात आहे. भारतात पिकलेल्या चहाची पहिली विक्री झाली ती 1839 साली, लंडनमधील लिलावात. सर्वसामान्य भारतीयाने चहा प्यावा म्हणून पद्धतशीर प्रचार सुरू झाला तो विसाव्या शतकात; 1903 साली त्यासाठी चहावर उपकर बसविण्याचा कायदा झाला. पुढे 1930 नंतरच्या काळात आसामात पाने चिरडून, फाडून, गोळीसारखी वळणारे यंत्र आले आणि त्यातून आजची आपली दाणेदार सीटीसी चहापत्ती निघाली. तिचा अर्क गडद आणि कडक उतरतो, म्हणून ती दूध, साखर आणि मसाला या तिघांनाही पुरून उरते. याउलट सुंठ, मिरे, लवंग, वेलची घालून केलेला काढा व दुधाचा उकाळा आपल्या आज्या-पणज्या सर्दी-पडशावर देत आलेल्या होत्या. थोडक्यात, चहा हा पाहुणा आणि मसाला घरचा. पाहुण्यासाठी घरच्या माणसाने उठून जाण्याची वेळ आमच्याकडे आली होती.

आता मसाल्याचे प्रमाण. शंभर ग्रॅमचा हिशेब पुढीलप्रमाणे :

सुंठ : 40 ग्रॅम
मिरे : 20 ग्रॅम
हिरवी वेलची, सालीसकट : 20 ग्रॅम
दालचिनी : 12 ग्रॅम
लवंग : 5 ग्रॅम
जायफळ, किसून : 3 ग्रॅम

बाईंचे प्रमाण मुठी आणि चिमटीचे होते. मी प्रत्येक वेळी वजनकाट्यावर मोजून त्याची बेरीज शंभरावर आणली. ताळेबंद जुळल्याशिवाय मला चैन पडत नाही, याला इलाज नाही.

खरेदी करताना घ्यावयाची काळजी किराणा व्यापारातील वाचकांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. वेलचीची प्रतवारी दाण्याच्या आकारावर, मिलिमीटरमध्ये होते, व मोठ्या दाण्याला भाव जास्त मिळतो. पण पूड करण्यासाठी मोठ्या आकाराचा आग्रह नको. वेलची फोडून पाहावी : आतील बी काळसर व किंचित चिकट असेल तर माल चांगला; पांढुरके व कोरडे असेल तर तो अपक्व. लवंग पाण्यात टाकावी : चांगली लवंग बुडते किंवा उभी राहते, तेल काढून घेतलेली आडवी तरंगते. दालचिनीच्या नावाखाली आपल्याकडे बहुधा जाड, एकेरी सालीची जात मिळते. श्रीलंकेकडील खरी दालचिनी कागदाच्या गुंडाळीसारखी पातळ, अनेकपदरी आणि बोटांनी चुरडता येण्यासारखी असते. ती महाग, पण मंद व गोडसर. मसाल्यात दोन्ही चालतात. जाड साल वापरल्यास प्रमाण मात्र वाढवू नये.

सुंठीच्या बाबतीत अधिक विस्ताराने लिहिणे भाग आहे. अतिशय पांढरीशुभ्र सुंठ दिसायला आकर्षक असते, पण तो शुभ्रपणा चुन्याच्या निवळीतून आलेला असू शकतो. बोटाला पांढरी भुकटी लागते का ते पाहावे. मातकट रंगाची, साधी सुंठ घेणे बरे. याहून महत्त्वाचे म्हणजे, सुंठीला कीड फार लवकर लागते. वरून तुकडा अखंड दिसतो आणि आत भोके पाडून किडे बसलेले असतात. बाईंनी पहिल्याच दिवशी मला खडसावले : "आधी प्रत्येक तुकडा फोडून बघ. मग कूट." अहिंसेसाठी आपण आल्याऐवजी सुंठ घ्यावी आणि न पाहता ती किड्यांसकट मिक्सरमध्ये फिरवावी, तर नियम शब्दाने पाळला आणि अर्थाने मोडला. जयणा म्हणतात ती येथे, बत्त्याच्या पहिल्या घावापूर्वी सुरू होते.

बाजारातील तयार मसाला का नको, याचे माझ्या दृष्टीने मुख्य कारण हेच आहे. त्यात सुंठ कोणत्या स्थितीत दळली गेली ते आपल्याला दिसत नाही. पाकिटावरील हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगतो, जैन नियमांबद्दल काहीच सांगत नाही. लसणाच्या चटणीवरही तोच हिरवा ठिपका असतो. 'कांदा-लसूणविरहित' असे लिहिलेले असले तरी त्यात आले नाही, असा अर्थ होत नाही. तयार मसाला घ्यावाच लागला तर घटकांची यादी वाचावी. नियमानुसार ती वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. झटपट चहाच्या काही मिश्रणांत यादीच्या आरंभीच साखर असते. म्हणजे आपण मसाल्याच्या भावाने साखर विकत घेत असतो. कर्जाच्या करारातील बारीक अक्षरे वाचा, असे मी आयुष्यभर सांगत आलो. पाकिटावरील बारीक अक्षरांनाही तेच लागू आहे.

मसाला करताना प्रथम जिन्नस निवडून तासभर कोरड्या उन्हात ठेवावेत. कढईत खमंग भाजू नयेत; सुगंधी तेले उडून जातात आणि तीच तर आपल्याला हवी आहेत. सुंठ अतिशय चिवट असते, म्हणून ती आधी बत्त्याने फोडून, मग मिक्सरमध्ये वेगळी दळावी व बारीक चाळणीने चाळावी. चाळणीवर उरलेले तंतू टाकून देऊ नयेत. त्या आठवड्याच्या चहाला ते उत्तम. बाकीचे जिन्नस एकत्र दळावेत, शेवटी जायफळ किसून मिसळावे, आणि पूड पूर्ण निवल्यावर कोरड्या काचेच्या बरणीत भरावी. बरणीत ओला चमचा कदापि जाऊ नये.

किती करावा? चार कपांना सुमारे एक ग्रॅम, म्हणजे अर्धा लहान चमचा मसाला पुरतो. आमच्या घरी दिवसाला दहा कप होतात, म्हणजे रोजचे अडीच ग्रॅम; शंभर ग्रॅम चाळीस दिवस चालतात. हिवाळ्या-उन्हाळ्यात हे ठीक. पावसाळ्यात मात्र हवेतील ओलाव्याने पुडीला बुरशी धरण्याचा धोका असतो, आणि बुरशी हीसुद्धा अनंतकायच. म्हणून चातुर्मासात वरील प्रमाणाच्या चौथा हिस्सा, म्हणजे 25 ग्रॅमच करावा. दहा दिवसांत तो संपतो; वासही ताजा राहतो आणि विराधनाही टळते.

आता प्रत्यक्ष चहा. चार कपांसाठी गाळलेले पाणी 350 मिलिलिटर, म्हशीचे किंवा मलईयुक्त दूध तितकेच, चहापत्ती चार लहान चमचे म्हणजे साधारण दहा ग्रॅम, साखर चार लहान चमचे किंवा आवडीप्रमाणे, मसाला अर्धा लहान चमचा, आणि शेवटी घालण्यासाठी दोन वेलच्या.

मसाला पाणी थंड असतानाच घालावा व पाणी उकळू लागल्यावर तीन-चार मिनिटे मध्यम आचेवर उकळू द्यावे. सुंठ, लवंग, दालचिनी, मिरे यांचा अर्क उतरायला वेळ लागतो. तो त्यांना द्यावा. नंतर साखर आणि चहापत्ती घालून दोन मिनिटे उकळावे. पत्ती याहून जास्त वेळ पाण्यात उकळली तर तिचा तुरटपणा वाढतो. दूध दुसऱ्या शेगडीवर आधीच तापवून ठेवलेले असावे. थंड दूध ओतले की उकळी मोडते आणि पत्ती उगीच रेंगाळत राहते. दूध घातल्यावर चहा दोन-तीनदा वर येऊ द्यावा व प्रत्येक वेळी आच कमी करून खाली बसवावा. ओगराळ्याने वर उचलून पुन्हा पातेल्यात धार सोडल्यास अधिक चांगले. दुधातील प्रथिने चहाच्या तुरट द्रव्यांशी बांधली जातात, म्हणून दुधाचा चहा जिभेला मऊ लागतो. तीन-चार मिनिटांत त्याचा रंग फिकट बदामीवरून विटकरीकडे झुकतो. तेव्हा शेगडी बंद करावी.

यानंतर दोन वेलच्या ताज्या ठेचून घालाव्यात आणि पातेले मिनिटभर झाकून ठेवावे. वेलचीचा सुगंध अत्यंत उडून जाणारा असतो. मसाल्यातील वेलची चव देते, शेवटची वेलची वास देते. ही सुधारणा बाईंची नव्हे, सूनबाईंची. बाईंनी पहिला घोट घेतला आणि म्हणाल्या, "बरा झालाय." ज्यांना बाईंचा स्वभाव ठाऊक आहे, त्यांना या दोन शब्दांचे मोल कळेल.

सुंठीची पूड तळाशी बसते, म्हणून स्टीलच्या जाळीच्या गाळण्याऐवजी स्वच्छ पातळ फडक्यातून चहा गाळावा. गुळाचा चहा करायचा असेल तर गूळ शेगडी बंद केल्यावर घालावा; उकळत्या दुधात तो घातल्यास दूध फाटू शकते. आरोग्यासाठी मध घालण्याची प्रथा अलीकडे दिसते. आपल्याकडे मध ही महाविगई आहे, हे नव्या पिढीला एकदा सांगून ठेवावे. गवती चहा, पुदिना, तुळस ही पाने चवीला छान असली तरी तिथीच्या दिवशी हिरवे वर्ज्य असते, आणि चातुर्मासात पालेभाज्या. कोरडा मसाला या सर्व दिवसांना चालतो. आयंबिलात दूध-साखर नसल्याने चहाचा प्रश्नच उद्भवत नाही. आणि पिऊन झाल्यावर उष्टे कप तसेच पडू देऊ नयेत. ते लगेच विसळावेत. बाईंच्या पिढीतील माणसे कप पाण्याने खळबळून तेही पिऊन टाकतात, त्यामागे हाच विचार आहे.

वेळेचाही विचार करावा. नवकारसी म्हणजे सूर्योदयानंतर 48 मिनिटे. जानेवारीत आपल्याकडे सूर्योदय सातच्या पुढे जातो, तेव्हा चहा आठच्या सुमारास. उन्हाळ्यात तो तासाभराने अलीकडे येतो. संध्याकाळी चौविहार करणाऱ्यांचा शेवटचा चहा डिसेंबरात सहापूर्वी, तर जूनअखेरीस सव्वासातपूर्वी आटोपावा लागतो. अनेकांना हे बंधन वाटते. मला त्यातील व्यवहार दिसतो. ज्याला वाटेल त्याने वाटेल तेव्हा कप भरून घ्यावा, या पद्धतीत घर एकत्र येत नाही. वेळ ठरलेली असली की पातेले एकदाच चढते आणि सारे एकत्र बसतात. शिवाय डॉक्टर सांगतात की, चहातील तुरट द्रव्ये शाकाहारी अन्नातील लोह शोषले जाण्यात अडथळा आणतात. म्हणून जेवणाला लागून चहा घेऊ नये, मध्ये तासाभराचे अंतर ठेवावे. घरातील स्त्रियांच्या बाबतीत हे विशेष पाळावे.

पेढीवर बसणाऱ्या वाचकांसाठी एक आठवण सांगतो. नोकरीत असताना तारण मालाच्या तपासणीसाठी मला बाजारपेठेतील दुकानांत जावे लागे. बहुतेक ठिकाणी टपरीवरचा चहा येई. एका वयस्कर किराणा व्यापाऱ्यांकडे मात्र घरून भरून आणलेला थर्मास असे. त्यांना कंदमुळाचा त्याग होता. बाहेरच्या चहात आले असते आणि पाणी गाळलेले असेल याची खात्री नसते, म्हणून ही व्यवस्था. पण तो चहा ते एकटे घेत नसत. हमाल, दलाल, गिऱ्हाईक, बँकेचा साहेब, सर्वांना त्याच थर्मासमधला सुंठीचा चहा, तशाच कपांतून. नियमाबद्दल त्यांनी कधी प्रवचन दिले नाही, आणि कोणाला आले हवे होते असेही मला आठवत नाही. नियम पाळणारा माणूस चार लोकांपासून दूर सरतो असे नाही. तो चार लोकांना आपल्याजवळ बसवूनही घेऊ शकतो.

आमच्या घरी नेमके उलटे घडले होते, आणि ते कोणाच्याही दुष्टपणाने घडले नव्हते. बाईंचे म्हणणे मी पुष्कळ वेळा मनात घोळवले : "नियम माझा आहे, तिचा नाही." हे वाक्य खरे आहे, थोर आहे. आपले पच्चक्खाण दुसऱ्याच्या डोक्यावर लादू नये, हा त्याचा अर्थ. परंतु त्याला दुसरी बाजू आहे, ती आपली, म्हणजे नियम न घेतलेल्या माणसांची. ज्याचा नियम असतो तो मागत नाही. म्हणून बाकीच्यांनी विचारावे. सून नवी आली की तिला कुळाचार सांगतात, देवदर्शनाला नेतात, दागिने दाखवतात. घरात कोणाचा कोणता नियम आहे, हे मात्र सांगायचे राहून जाते. तिने ते ओळखावे अशी अपेक्षा करणे हा तिच्यावर अन्याय आहे, आणि वडीलधाऱ्यांनी मूकपणे सोसावे हा त्यांच्यावर.

सूनबाईंना आल्याचा चहा अजूनही आवडतो. महिन्यातून एखादे दिवशी, बाई व्याख्यानाला गेलेल्या असताना, ती आणि चिरंजीव तो करून पितात. बाईंना ते ठाऊक आहे आणि त्या काही बोलत नाहीत. सकाळी मात्र पातेले एकच असते. मसाला संपत आला की सूनबाई सुंठ आणते, बाई चष्मा लावून एकेक तुकडा निरखून देतात, मी कुटतो. ते काम चालले असताना आत्याच्या वऱ्हाडाची गोष्ट पुन्हा एकदा निघते, आणि दर खेपेस वऱ्हाड वेगळ्याच गावी उतरते.

वाचकहो, आपल्या घरातील ट्रेवरचे कप एकदा मोजून पाहावेत. एखादा कमी झाला असेल तर प्रकृतीचे कारण लगेच मान्य न करता जवळ बसून विचारावे. पुष्कळदा उपाय पन्नास ग्रॅम सुंठीइतका सोपा असतो.

जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिले गेले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.